टेम्पोतून आलेल्या सायकली

रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर जुन्या सायकलींचा मेळावा होता. चाळीसेक सायकली आल्या होत्या, त्यातल्या तीसेक टेम्पोतून. चादरींत गुंडाळलेल्या, हँडलं तिरकी करून ठेवलेल्या, एकीचं पायडल दुसरीच्या आऱ्यांत अडकू नये म्हणून मध्ये पुठ्ठे खोचलेले. उतरवून झाल्यावर मालकांनी खिशातून पिवळी फडकी काढली आणि मडगार्डं पुसायला घेतली. मग रॅले या इंग्रजी कंपनीच्या एका सायकलीवरून वाद पेटला. फ्रेम १९५१ची, पण मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, शिक्का ५३चा. तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबच्या पाठीवर साल आणि महिना ठोकलेला असतो, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. म्हणजे चाक बदललेलं. म्हणजे सायकल ‘ओरिजिनल’ नाही. म्हणजे मालकांनी मोजलेले पैसे वाया. पाऊण तास हे चाललं होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक दूधवाला गेला. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची सायकल, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी किटल्या. मैदानातल्या सायकलींची सख्खी चुलत बहीण. आमच्यातल्या एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, तेही किटल्या खडखडल्या म्हणून.

मी या मंडळींच्या बाहेरचा नाही, हे आधी सांगून टाकतो. माझ्याकडे वडिलांची रॅले आहे. ते तलाठी होते आणि तीन गावांचा सजा त्यांनी याच सायकलवर सांभाळला. जुन्या इंग्रजी सायकलीचं वेड लागतं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. रॅलेच्या पुढच्या दातेरी चक्रात बगळ्यांच्या माना कोरलेल्या असतात. हंबरच्या चक्रात पाच माणसं गोल धावत असतात आणि तिचा पुढचा चिमटा जोडनळ्यांचा, लांबूनच ओळखू येणारा. बीएसएच्या चक्रात तीन अक्षरं आणि बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण ती कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी. सळईचे ब्रेक रिमच्या कडांना चिमटत नाहीत, आतल्या बाजूने वर खेचले जाऊन रिमला टेकतात. पुढच्या चाकाला बत्तीस आरे आणि मागच्याला चाळीस, कारण भार मागे. आणि ती तीन गिअरची डबी! मधला गिअर सरळ, वरचा एकतृतीयांशाने जड, खालचा पाव हिश्शाने हलका. सगळी दातेरी चक्रं आत, धूळपाण्यापासून लांब. महिन्याकाठी बारक्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले की ती साठ-सत्तर वर्षं ‘टिक टिक टिक’ करत चालते. इतकी कमी मागणी असलेलं यंत्र माझ्या घरात दुसरं नाही.

आता माझ्या हातून झालेला घोळ. वडील गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला त्या सायकलीचा उमाळा आला आणि मी ती रंगवायला टाकली. कारागिराने मन लावून काम केलं, त्याचा दोष नाही. त्याने सगळा रंग खरवडला, नवा काळा मारला, भट्टीत भाजला. सायकल आरशासारखी झाली. फक्त चेनकव्हरवर गावच्या पेंटरने घातलेली वडिलांची आद्याक्षरं गेली, मडगार्डवरची सोनेरी रेघ गेली, आणि नळीवर जिथे मी लहानपणी बसायचो तिथला झिजून राखाडी पडलेला तळहाताएवढा डाग गेला. तो डाग पडायला माझी सात वर्षं लागली होती. म्हणून, मूळ रंगाला हात लावू नका, गंज थोपवा पण चकाकी आणू नका, असं जेव्हा संग्राहक बजावतात तेव्हा मी मुकाट्याने मान डोलावतो. त्यांनी वेळेवर पैसे मोजले नसते तर यातल्या अर्ध्या सायकली भंगारवाल्याच्या तराजूत किलोच्या भावाने गेल्या असत्या, हेही खरं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय २०१७पासून आहे. एका माणसाच्या नादातून उभं राहिलेलं ते काम कुठल्याही सरकारी खात्याने केलं नव्हतं.

माझं भांडण जपण्याशी नाही. आपण नेमकं काय जपतोय, याच्याशी आहे.

गेल्या काही वर्षांत या छंदात पैसा आला आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द देवासारखा झाला. मूळचं सीट, मूळचा डायनॅमो, मूळचा दिवा, मूळच्या पायडलची रबरं. हे मूळ भाग आणायचे कुठून? कोणाच्या तरी चालत्या सायकलीतून. आमच्यातल्या एकाबरोबर मी एकदा असाच एका खेड्यात गेलो होतो. म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे हंबर होती आणि तो ती रोज चालवत होता. वैरणीचे भारे वाहून कॅरिअर वाकलं होतं, मागचं मडगार्ड तारेने बांधलं होतं. सौदा झाला. म्हाताऱ्याला त्याच्या मते चांगले पैसे मिळाले. पुढचा चिमटा आणि चक्र आमच्या मित्राच्या सायकलीला लागलं, उरलेला सांगाडा गच्चीवर गेला. एक चालती सायकल मोडून एक न चालणारी पूर्ण झाली आणि आम्ही त्या संध्याकाळी पेढे खाल्ले! मी दोन खाल्ले. अजून आठवलं की तोंड गोड होण्याऐवजी कसंनुसं होतं.

आणखी एक खोड आहे. फ्रेमवर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर किंमत पाच आकडी. तीच घडण, तेच माप, पण बिल्ला आसनसोलचा असेल तर ‘अरे, ती सेन-रॅले’ असं म्हणून माणूस पुढे सरकतो. आपल्या सायकलीचा खरा इतिहास मात्र त्या पुढे सरकणाऱ्या पायांखाली पडलेला आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली आणि इंग्रजी कंपन्यांना भारतात भागीदार शोधावे लागले. १९४९मध्ये मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस सायकलींचा घाट घातला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आसनसोलला सेन-रॅले सुरू झाली. सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हिरो. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आज वरळीच्या काचेच्या इमारतींमधून जाताना इथे कधी सायकली बनत होत्या, हे सांगूनही पटत नाही. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही आजारी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करायला १९८०मध्ये संसदेने एक कायदाच केला. सायकलीसाठी संसदेत कायदा! म्हणजे सायकल तेव्हा देशाची गरज होती, फडक्याने पुसायची वस्तू नव्हती. आणि अ‍ॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना थांबवला तो ३ जून २०२० रोजी, ऐन जागतिक सायकल दिनी. आमच्या गटात त्या दिवशी सकाळपासून जुन्या सायकलींचे फोटो आणि शुभेच्छा फिरत होत्या.

वरळीच्या हिंदची चांगल्या अवस्थेतली सायकल मला आजतागायत मेळाव्यात दिसलेली नाही. नॉटिंगहॅमच्या, म्हणजे रॅलेच्या गावच्या, मात्र डझनभर दिसतात. नॉटिंगहॅमची सायकल जपायला नॉटिंगहॅमची माणसं आहेत. इंग्लंडमधला जुन्या सायकलींचा क्लब १९५५पासून चालू आहे, त्यांना आपली मदत लागत नाही. वरळीची सायकल जपणार कोण?

हे झालं लोखंडाचं. लोखंडाबरोबर एक ज्ञान असतं, आणि ते लोखंडाच्या आधी गंजतं. उदाहरण देतो. रॅलेच्या पायडलच्या दांड्याचे कप ज्या आट्यांवर बसतात, त्या आट्या इतरांपेक्षा बारीक. एका इंचात सव्वीस. बाकी बहुतेक इंग्रजी सायकलींत चोवीस. दिसायला दोन्ही सारख्या. नवशिक्या मेकॅनिकने चोवीसचा कप सव्वीसच्या तोंडावर ठेवून पान्याने जोर लावला की फ्रेमच्या आट्या कायमच्या गेल्या. आमच्या स्टेशन रोडवरचे मिस्त्री कप हातात घेऊन दोन वेढे बोटाने फिरवायचे आणि सांगायचे, “हा नाही बसायचा, आतून रडतोय.” पान्याला ते हातही लावायचे नाहीत. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढताना ते चाक उलटं धरून कानाशी न्यायचे आणि आऱ्यांवर नखाने टिचक्या मारायचे. सैल आरा बद्द वाजतो, कसलेला खणखणीत. हे कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. त्यांच्या बोटात होतं.

त्यांचं दुकान म्हणजे फुटपाथवर एक पेटी, पाण्याचं घमेलं, पंप आणि झाडाला टांगलेल्या टायरी. वर्षातून दोनदा अतिक्रमणाची गाडी यायची आणि पंप उचलून न्यायची. दंड भरून सोडवून आणायचा. तिसऱ्यांदा त्यांनी तो आणलाच नाही. मुलगा आता घरपोच जेवण पोचवतो, मोटारसायकलवर.

या देशात २०१४पासून पथविक्रेत्यांचा कायदा आहे, आणि त्यात विक्रेता म्हणजे केवळ भाजी-फळं विकणारा नाही. रस्त्यावर बसून सेवा देणाराही त्यात मोडतो. म्हणजे पंक्चर काढणारा, धार लावणारा, चप्पल शिवणारा. त्यांचं सर्वेक्षण व्हावं, त्यांना प्रमाणपत्र मिळावं, सर्वेक्षण होईपर्यंत त्यांना हटवू नये, असं तो कायदा सांगतो. आमच्या मिस्त्रींना हे कोणी सांगितलं नाही. सांगू शकणारी माणसं त्यांच्याच गिऱ्हाइकांत होती: आमच्या गटात दोन वकील आहेत, एक निवृत्त उपअभियंता आहे, आणि एकाचा मेहुणा नगरसेवक होता. आम्ही त्यांच्याकडून हब उघडून घेतले, चहा पाजला, त्यांच्या हातांचे फोटो काढून ‘जुनं ते सोनं’ असं खाली लिहिलं. पंप उचलला गेला त्या दिवशी गटात ब्रूक्सच्या चामड्याच्या सीटला कुठलं तेल लावावं यावर चर्चा चालू होती. मीही त्या चर्चेत होतो. एरंडेल लावू नये, असं माझं मत होतं.

“छंद आहे हो, चळवळ नाही,” असं मला यावर ऐकवलं जातं. माणसाला संध्याकाळचे दोन तास डोकं शांत ठेवायला काहीतरी लागतं. त्यात महापालिका कशाला आणता? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तिकिटं जमवणाऱ्याला आपण टपाल खात्याचा कारभार सुधारायला सांगत नाही. पण तिकीट वहीत राहतं आणि सायकल रस्त्यावर. रस्ता आला की एकट्याचा छंद संपतो आणि चौघांचा प्रश्न सुरू होतो. हे जुन्या सायकलवाल्यांना जमू शकतं, याचा पुरावा इटलीत आहे.

टस्कनीत कियांती भागात गायोले नावाचं लहानसं गाव आहे. त्या भागात पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते होते, द्राक्षमळ्यांमधून जाणारे, आणि ते एकेक करून डांबराखाली जात होते. जानकार्लो ब्रोची नावाच्या माणसाला ते रस्ते वाचवायचे होते. त्याने १९९७मध्ये जुन्या सायकलींची एक फेरी काढली, ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी ब्याण्णव जण आले. अट अशी की सायकल १९८७च्या आधीची पाहिजे, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर पाहिजेत, ब्रेकच्या वायरी हँडलवरून मोकळ्या दिसल्या पाहिजेत, पायडलला जुन्या पद्धतीचे पट्टे पाहिजेत. आणि चालवायची! सर्वात लांबचा पल्ला दोनशे किलोमीटरच्या वर, खडीवरून, चढउतारांचा. वाटेत पावाचं सूप आणि तिथलीच वाइन. आज तिथे हजारोंनी लोक येतात. पुढे २००७मध्ये त्याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. जे रस्ते मागासलेपणाची खूण म्हणून बुजवले जात होते, तेच त्या भागाचं भांडवल झाले. मला यातली आवडलेली गोष्ट वाइन नाही (तीही असेलच चांगली). त्या माणसाने जुनी सायकल रस्त्याच्या कामाला जुंपली. इतक्या जुन्या सायकली एकदम रस्त्यावर आल्यावर रस्ता कोणाचा, हा प्रश्न विचारावाच लागला नाही.

आपल्याकडे जुन्या सायकलींच्या फेऱ्या निघत नाहीत असं नाही. निघतात. धोतर, कोट, काळी टोपी, कपाळी गंध. लंडनमध्ये २००९पासून लोकरी सूट घालून अशीच मिरवणूक निघते, तिची ही आपली आवृत्ती. मौज असते, मुलं टाळ्या वाजवतात, एखाद्याच्या धोतराचा सोगा चेनमध्ये जातो. पण दीड किलोमीटरची फेरी पोलीस बंदोबस्तात, रविवारी पहाटे, रस्ता बंद करून. सोमवारी सकाळी साडेनऊला याच रस्त्यावरून सायकल चालवून दाखवा म्हटलं तर धोतर काय, जीव सांभाळता येणार नाही.

पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेलं गाव. सत्तरच्या दशकापासून किनेटिकची लुना आणि आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक रस्त्यावर आली आणि सायकल हळूहळू कडेला ढकलली गेली. यात कोणाचा गुन्हा नव्हता. माणसाला चढावर घाम नको असतो. पण नंतर रस्तेही गाडीच्या मापाने आखले गेले. सायकल ट्रॅक बांधले, त्यांवर चारचाकी लागल्या, विजेच्या डब्या उभ्या राहिल्या. २०१७च्या अखेरीस महापालिकेच्या मुख्य सभेने सगळ्या शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. भाड्याची सायकल पुण्याला नवी नव्हती. तासाच्या बोलीवर सायकल देणारी दुकानं पेठापेठांत होती, दुकानदार वहीत नाव लिहायचा आणि चेहरा लक्षात ठेवायचा. नव्या योजनेत कुलूप हुशार होतं, पण रस्ता तोच होता आणि बिघडली तर कोपऱ्यावर मिस्त्री नव्हता.

२०११च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती पाच टक्क्यांहून कमी घरांत. रस्ता कोणासाठी रुंद होतो, हे सांगायला नको. गोव्यात पोदेर अजून सायकलला पावाची टोपली लावून भोंगा वाजवत दारी येतो. मुंबईत डबेवाल्यांच्या सायकलींच्या हँडलला डबे लटकलेले दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. ती मुलगी आठवीत सायकल शिकते, चाकात हवा भरायला मात्र तिला तालुक्याच्या गावी जावं लागतं, कारण गावात पंप असलेला माणूस उरलेला नाही. या सगळ्या सायकली ‘व्हिंटेज’ नाहीत. त्या नुसत्या सायकली आहेत, म्हणून आम्हाला त्या दिसत नाहीत.

जकार्ताच्या जुन्या शहरातल्या चौकात डच घडणीच्या जुन्या सायकली रंगीबेरंगी करून पर्यटकांना भाड्याने देतात, सोबत टोपीही. त्यांना ‘ओंथेल’ म्हणतात. आमचे शुद्धतावादी तो गुलाबी रंग बघून मूर्च्छित पडतील. पण ती सायकल रोज चालते आणि कोणाची तरी चूल पेटवते. माझ्या आरशासारख्या रॅलेपेक्षा मला ती गुलाबी सायकल अलीकडे जास्त शहाणी वाटायला लागली आहे.

म्हणून मी मागच्या महिन्यात आमच्या गटापुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, चालती सायकल सुट्या भागांसाठी विकत घ्यायची नाही. घेतली तर ती मालकाकडेच ठेवून तिची दुरुस्ती आपण करून द्यायची. दुसरी, गावात उरलेल्या चार मिस्त्रींची नावं घेऊन नगरपालिकेत जायचं आणि पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात ती लागली का ते विचारायचं. लागली नसतील तर लागेपर्यंत दर सोमवारी जायचं, सायकलवरूनच. याच मिस्त्रींकडे गटातल्या तरुण पोरांनी महिन्याचा एक रविवार बसायचं, पैसे देऊन, शिकायला. तिसरी, पुढचा मेळावा मैदानावर भरवायचा नाही. स्टेशनापासून कोर्टापर्यंत जो तीन किलोमीटरचा सायकल ट्रॅक आमच्याकडे कागदावर आहे, त्याच्यावरून कामाच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी जायचं आणि जिथे उतरावं लागेल तिथे उतरून, सायकल आडवी धरून, फोटो काढायचा.

पहिल्या मुद्द्यावर भांडण झालं आणि ते अजून चालू आहे. दुसऱ्याला दोन्ही वकिलांनी होकार दिला. तिसऱ्याला अकरा जण तयार झाले. त्यातल्या तिघांनी विचारलं, परतीला टेम्पोची सोय आहे का.